तळणानंतरचे चार तास



आजची गोष्ट आमच्याच एका चुकीपासून सुरू होते. मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी १,८०० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यांच्या औषधाला." त्यांच्या मालकांना दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी जास्त काय विचारायचं? ठराव लिहिला, सह्या झाल्या, पेटीतून पैसे काढून दिले.

पुढच्या महिन्यात हप्ता भरायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक डबा दिसला. दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून घेतलेली पावडर होती. 'नसा मोकळ्या करते' असं त्यानं सांगितलेलं. डब्यावर 'एल-आर्जिनिन' असं नाव, आणि सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापलेलं, की या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं आहे. म्हणजे आम्ही औषधाला म्हणून दिलेले पैसे डॉक्टरांनी न सांगितलेल्या डब्याला गेले होते. आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून दिले होते.

आता आमच्यात दोघी-तिघी बी.ए. झालेल्या, पण विज्ञान दहावीलाच सुटलेलं. आम्ही डबा घेऊन तालुक्याच्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी एकच सांगितलं, "पावडर आजपासून बंद, आणि डबा घेऊन उद्या डॉक्टरांकडे." मग म्हणाल्या, "नोबेलचं खरं आहे बरं का. पण गोष्ट अर्धी सांगितलीय." ती पूर्ण गोष्ट समजून घ्यायला आम्हाला चार रविवार लागले. तीच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते इटलीतल्या तुरीन गावात, १८४७ साली. आस्कानिओ सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं नायट्रोग्लिसरीन नावाचं एक तेलकट द्रव्य तयार केलं. ते नुसत्या धक्क्यानंही फुटायचं. पण त्याचा अगदी कणभर थेंब जिभेवर ठेवला, तरी डोकं ठणकायला लागायचं. याच द्रव्याला माती मिसळून आवाक्यात आणलं आल्फ्रेड नोबेल यांनी आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. तो डायनामाइट, म्हणजे आपल्याकडे विहिरी फोडायला वापरायचे तो सुरुंग.

सुरुंगाच्या कारखान्यांत एक विचित्र गोष्ट दिसायची. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामगार कामावर आले की त्यांची डोकी दुखायची. दोन दिवसांत दुखणं ओसरायचं, पुढच्या सोमवारी परत तेच. आज आपल्याला कळतं, की हवेतून अंगात जाणाऱ्या त्या द्रव्यानं डोक्यातल्या रक्तवाहिन्या पसरायच्या. शरीर हळूहळू सरावायचं, सुट्टीत तो सराव मोडायचा.

१८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी याच नायट्रोग्लिसरीनचे अगदी सौम्य थेंब छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना देऊन पाहिले आणि उतार पडल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्या गावातल्या कितीतरी घरांत छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते. तिची वंशावळ इथं जाऊन पोचते. खुद्द नोबेल यांनाही उतारवयात हृदयाचा विकार जडला आणि डॉक्टरांनी त्यांना हेच औषध सांगितलं. ज्यावर आयुष्यभर पैसा कमावला तेच आता पोटात घ्यायला सांगतात, हा दैवाचाच विनोद, अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. १८९६ च्या डिसेंबरात ते गेले. औषध लागू पडत होतं, पण का लागू पडतं हे पुढची ऐंशी वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं.

आता दुसरा धागा धरू. हा धागा मात्र आपल्या स्वयंपाकघरातला वाटेल. १८८६ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक इथं एर्न्स्ट शुल्झे आणि एर्न्स्ट श्टायगर हे दोघं ल्युपिन नावाच्या एका शेंगवर्गीय पिकाचे मोड तपासत होते. ल्युपिन म्हणजे आपल्या हरभरा-मटकीच्याच गोतातलं. अंधारात वाढवलेल्या त्या मोडांतून त्यांनी एक पदार्थ वेगळा काढला. त्याला नाव दिलं आर्जिनिन. हे एक अमिनो आम्ल आहे.

अमिनो आम्ल म्हणजे काय, हे आम्हालाही आधी नीट कळलं नव्हतं. मॅडमनी गळ्यातल्या पोतीवरून समजावलं. डाळ, दूध, अंडं, मटण, शेंगदाणे यांत प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे ओवलेली पोत धरली, तर अमिनो आम्लं म्हणजे तिचे मणी. मणी वीस प्रकारचे. आपण खाल्लेली पोत पोटात तुटते, मणी सुटे होतात, आणि शरीर त्यांतून स्वतःला हव्या तशा नव्या पोती ओवतं. आर्जिनिन हा त्यातला एक मणी. निरोगी मोठ्या माणसाचं शरीर तो थोडाफार स्वतःही घडवतं.

हा मणी आणि ती जिभेखालची गोळी यांचा काही संबंध असेल, असं शंभर वर्षं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. तो संबंध जुळायला कारण झाली एक चूक. आमच्यासारखीच.

रॉबर्ट फर्चगॉट हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे शास्त्रज्ञ. सशाच्या मोठ्या रक्तवाहिनीची पट्टी कापून ती औषधाच्या पाण्यात टांगायची आणि ती आखडते की सैलावते ते मोजायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. एक कोडं त्यांना छळत होतं. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन जिवंत प्राण्याला दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, पण त्यांच्या प्रयोगात पट्टी उलट आखडायची. १९७८ साली त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांत चूक झाली, आणि त्या दिवशी तेच रसायन टाकल्यावर रक्तवाहिनी चक्क सैलावली.

चूक म्हणून त्यांनी तो दिवस वहीतून खोडला नाही. ते मागे लागले. शेवटी उलगडा झाला तो असा. पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जायची. त्या घासण्यात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर निघून जायचं. अस्तर शाबूत असलं की रक्तवाहिनी सैलावायची, अस्तर गेलं की आखडायची. हे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचं असतं. तोवर बहुतेक जण त्याला नुसता आतला पातळ पापुद्रा समजत होते.

आपल्या आज्या पितळेच्या भांड्याला कल्हई लावून घेत, ती का? कल्हई गेली की भांड्यात ताक कळकायचं. रक्तवाहिनीचं अस्तर हे तसंच, फरक इतकाच की ही कल्हई जिवंत आहे. ती स्वतः काम करते. फर्चगॉट यांनी एक साधी युक्ती केली. अस्तर असलेली एक पट्टी आणि अस्तर घासलेली दुसरी पट्टी पोटाला पोट लावून एकत्र टांगली. मग घासलेली पट्टीसुद्धा सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होतं आणि शेजारच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप पोचवत होतं. १९८० साली त्यांनी आपले सहकारी झवाडस्की यांच्याबरोबर हे प्रसिद्ध केलं.

तो निरोप्या कोण? तो हाती लागेना, कारण काही सेकंदांतच नाहीसा व्हायचा. १९८६ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी आलेलं एकच उत्तर मांडलं: हा नायट्रिक ऑक्साइड वायू असावा. गाडीच्या धुरात असतो तोच. १९८७ साली इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या चमूनं अस्तरातून हा वायू खरोखर सुटतो हे मोजून दाखवलं. आणि नायट्रोग्लिसरीनमधूनही हाच वायू सुटतो, हे फेरिद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. जिभेखालच्या गोळीचं कोडं असं सुटलं. जे काम अस्तरानं करायचं, ते गोळी बाहेरून करून देते.

राहिला एक प्रश्न. अस्तर हा वायू बनवतं कशापासून? १९८८ साली मोंकादा यांच्याच चमूनं उत्तर दिलं: आर्जिनिनपासून. झुरिकच्या मोडांतला तो मणी! १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मोंकादांचं नाव त्यात नव्हतं, त्याची हळहळ पुष्कळांना वाटली. सुरुंगाच्या पैशातून सुरू झालेलं बक्षीस सुरुंगातल्याच द्रव्याचं कोडं सोडवणाऱ्यांना मिळालं.

डब्याच्या कागदावर गोष्ट इथंच संपवली होती. आर्जिनिनपासून हा वायू बनतो, वायूनं नसा मोकळ्या होतात, म्हणून आर्जिनिन खा. ऐकायला किती सरळ! पण खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते, आणि ती येते आपल्या ताटापर्यंत.

१९९२ साली लंडनमध्ये सेलरमायर, डीनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्तर तपासायची एक बिनसुईची रीत प्रसिद्ध केली. दंडाच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून तिची रुंदी मोजायची. मग बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटं हाताचा रक्तपुरवठा थांबवायचा आणि एकदम सोडायचा. कालव्याची फळी काढल्यासारखं रक्त धावतं. अस्तर ठणठणीत असेल, तर ते वायू सोडतं आणि रक्तवाहिनी रुंदावते. किती टक्के रुंदावली, तेवढी अस्तराची तब्येत.

या रीतीनं १९९७ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथं रॉबर्ट व्होगेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. १० निरोगी माणसं घेतली. त्यांना एके दिवशी ५० ग्रॅम चरबी असलेली हॉटेलातली न्याहारी दिली. ५० ग्रॅम म्हणजे जवळपास चार मोठे चमचे तेल. दुसऱ्या दिवशी तितक्याच उष्मांकांची, पण बिनचरबीची न्याहारी. दोन्ही ९०० उष्मांकांच्या. चरबीच्या न्याहारीआधी त्यांची रक्तवाहिनी सरासरी २१ टक्के रुंदावत होती. खाल्ल्यानंतर दोन तासांनी ११, तीन तासांनी ११ आणि चार तासांनी १० टक्के. निम्म्यावर आली. बिनचरबीच्या न्याहारीनंतर अशी घसरण दिसली नाही.

मैत्रिणींनो, ही माणसं आजारी नव्हती. एका तेलकट जेवणानंतर त्यांचं अस्तर तीन-चार तास सुस्तावलं. नंतर ते सावरतं. पण ज्याच्या ताटात सकाळी तळण, दुपारी तर्री आणि संध्याकाळी भजी, त्याच्या अस्तराला सावरायला उसंत कधी मिळणार?

असं होतं का? जेवणानंतर दोन-चार तास रक्तात चरबीचे कण वाढलेले असतात. त्या काळात अस्तराजवळ काही तिखट, चटकन जळजळ करणारे ऑक्सिजनचे रेणू जास्त तयार होतात, आणि ते निरोप्या वायूला वाटेतच गाठून संपवतात. त्याच चमूनं त्याच वर्षी २० जणांना जेवणाआधी क आणि ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला, तर घसरण जवळपास थांबली. त्यावरून या जळजळीकडे बोट दाखवता आलं. लोकांना वाटलं, झालं, गोळी सापडली! पण २००० साली ९ हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते. चार तासांचा निकाल वेगळा आणि चार वर्षांचा निकाल वेगळा, हे आम्ही तिथं पहिल्यांदा शिकलो.

१९९९ साली न्यूझीलंडमधून एक अभ्यास आला, तो वाचून दाखवला तेव्हा आमची बैठक एकदम गप्प झाली. १० पुरुषांना एकदा ताज्या चरबीचं जेवण दिलं आणि एकदा हॉटेलच्या कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या चरबीचं. चार तासांनी मोजलं. ताज्या चरबीनंतर फारसा फरक पडला नाही. वापरलेल्या चरबीनंतर रक्तवाहिनीचं रुंदावणं जवळपास थांबलंच. अमेरिकेत चरबीच्या न्याहारीनं घसरण झाली होती, इथं ताज्या चरबीनं झाली नाही. म्हणजे सगळे निकाल एका सुरात बोलत नाहीत. पण जुन्या तेलाबद्दलचा हा निकाल आम्हाला झोंबला, कारण आमच्या गटाचा आठवडी बाजारात भज्यांचा गाडा आहे. त्याबद्दल पुढं सांगतो.

आता मूळ प्रश्नावर येऊ. तेलकट जेवणाबरोबर आर्जिनिन किंवा प्रथिनं पोटात गेली, तर अस्तर वाचतं का?

२००१ साली इटलीत निरोगी तरुण पुरुषांना आर्जिनिन देऊन पाहिलं, तर चरबीच्या जेवणानंतरची घसरण कमी झाली. २०१६ साली फ्रान्समध्ये जास्त वजनाच्या, पण आजारी नसलेल्या ३३ जणांना चार आठवडे रोज थोडं थोडं आर्जिनिन दिलं. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात मुळात आर्जिनिन कमी होतं, त्यांच्यातच घसरण कमी झाली. हे आम्हाला पटलं. भरल्या हौदात आणखी घागर ओतून काय होणार? ज्याचा हौद अर्धा, त्यालाच घागरीचा उपयोग. खरं तर पेशींत आर्जिनिन सहसा गरजेपेक्षा जास्तच असतं. तरीही ते दिल्यावर काहींना फरक का पडतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

२००६ साली जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग इथं चरबीच्या जेवणात दुधातलं प्रथिन किंवा सोयाबीनचं प्रथिन मिसळून दिलं. दोन्ही वेळा घसरण टळली. आता गंमत बघा. सोयाबीनच्या प्रथिनात आर्जिनिन भरपूर, दुधाच्या प्रथिनात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी दोन्हींनी काम झालं. म्हणजे एकट्या आर्जिनिनची करामत म्हणता येत नाही. अख्ख्या प्रथिनामुळे जेवण पचण्याची चाल बदलते, चरबी रक्तात उतरण्याची रीत बदलते, आणि बाकीचे मणीही आपापलं काम करत असतात.

त्याच वर्षी स्पेनमधल्या बार्सिलोनात चरबीच्या जेवणात एकदा ऑलिव्हचं तेल आणि एकदा ४० ग्रॅम अक्रोड घातले. अक्रोड घातलेल्या जेवणानंतर अस्तर बरं राहिलं. अक्रोड आपल्याला कुठले परवडायला! पण २०१७ साली अमेरिकेत तोच प्रश्न आपल्या शेंगदाण्याला विचारला गेला. जास्त वजनाच्या किंवा स्थूल अशा १५ पुरुषांना ८५ ग्रॅम शेंगदाणे वाटून, घुसळून प्यायला दिले, आणि दुसऱ्यांदा तितक्याच चरबी-प्रथिनांचं बिनशेंगदाण्याचं पेय. बिनशेंगदाण्याच्या पेयानंतर चार तासांनी घसरण झाली, शेंगदाण्यानंतर तशी झाली नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असतं. तिळातही ते भरपूर असतं.

टाळ्या वाजवायच्या आधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, असे अभ्यास लहान असतात, एका जेवणाचे असतात, आणि पुष्कळदा त्या त्या मालाच्या व्यापाऱ्यांच्या संस्था त्यांना पैसा पुरवतात. दुसरी गोष्ट आमच्या एका काकूंनी पकडली. "सगळे पुरुषच का गं मोजले?" इटलीचे पुरुष, न्यूझीलंडचे पुरुष, शेंगदाण्याचेही पुरुष. बाईच्या शरीरात महिन्याच्या चक्राप्रमाणे अस्तराचं काम बदलतं, म्हणून मोजणं किचकट होतं, आणि सोपं म्हणून बाईला वगळलं जातं. आपल्या कष्टानं पिकलेला शेंगदाणा आपल्या अंगात काय करतो, हे मात्र मोजायचं राहतं.

आता त्या डब्याची गोष्ट. बाल्टिमोरमध्येच, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला होता. निम्म्यांना आर्जिनिन, ३ ग्रॅम दिवसातून तीनदा, आणि निम्म्यांना तसाच दिसणारा निरुपयोगी पदार्थ. सहा महिन्यांचा अभ्यास. तो मध्येच थांबवावा लागला. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले होते, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या कामात सुधारणाही दिसली नव्हती. झटक्यानंतरच्या रुग्णांना हे देऊ नये, असं त्या डॉक्टरांनीच २००६ साली लिहिलं.

हे ऐकलं तेव्हा त्या ताई आमच्याबरोबरच बसल्या होत्या. त्यांच्या मालकांना झटका येऊन तेव्हा कुठे तीन महिने झाले होते. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मी चमचा भरून द्यायचे, रोज सकाळी. आपल्या हातानं." काय बोलणार? मॅडमनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "वेळेवर कळलं ना."

डॉक्टरांनी डबा बघून बंद करायला सांगितला होताच. तपासण्या केल्या, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवल्या. मालक बरे आहेत, शेतावर जाऊन येतात. विक्रेत्यानं दिलेला फोन मात्र पुन्हा लागला नाही.

आमच्या गटानं मग तीन गोष्टी केल्या. पहिली, त्या कर्जावरचं व्याज माफ करायचा ठराव. मुद्दल ताईंनी फेडलं, पण व्याज घ्यायला आम्हाला तोंड नव्हतं, कारण न विचारता सही आम्हीच केली होती. दुसरी, औषधासाठी कर्ज मागितलं तर डॉक्टरांची चिठ्ठी बैठकीत दाखवायची. यावर भांडण झालं. एकीचं म्हणणं, घरातलं दुखणं चारचौघीत का उघडं करायचं? ते खरंच आहे. म्हणून चिठ्ठी फक्त अध्यक्ष आणि सचिव बघतात, वहीत आजाराचं नाव लिहीत नाही.

तिसरी गोष्ट भज्यांच्या गाड्याची, आणि ती सगळ्यांत अवघड गेली. आम्ही बाजार संपला की कढईतलं उरलेलं तेल गाळून डब्यात भरायचो आणि पुढच्या बाजाराला त्यातच नवीन ओतायचो. गाडा सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "तेल टाकायचं म्हणजे पैसे टाकायचे. नफा उरायचा काय?" त्यांचं चुकत नव्हतं. पण सरकारच्या अन्नसुरक्षा विभागाचाही नियम आहे. वारंवार तापून तेलात जे खराब घटक तयार होतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. तेल काळं पडलं, फेस धरू लागलं, लवकर धुरायला लागलं, की ते गेलं, एवढं मात्र कुणालाही कळतं. शेवटी उपाय काकूंनीच काढला. मोठी कढई घरी ठेवली, लहान घेतली. तेल कमी ओतायचं, लागेल तसं वाढवायचं, म्हणजे शेवटी उरतंच थोडं. घाणे जास्त काढावे लागतात, गिऱ्हाईक थोडं ताटकळतं. पहिले दोन बाजार तोटा झाला. आता बरोबरीला आलोय.

आणि आपलं स्वतःचं ताट? आम्ही एक आठवडा आपापलं जेवण लिहून काढलं. वहीत जे दिसलं, ते आम्हाला ठाऊक होतं, पण लिहिल्यावर टोचलं. घरात आधी पुरुष जेवतात, मग मुलं, शेवटी आपण. पातेल्याच्या तळाशी आपल्या वाट्याला येते ती तर्री आणि दोन भाकरी. डाळीचं घट्ट, उसळीतली मटकी, मटणाचे तुकडे वर वरच संपलेले. म्हणजे तेल आपल्याला मिळतं आणि त्याच्या सोबतचं प्रथिन नाही. चार तासांचा तो सगळा इतिहास ऐकल्यावर आम्हाला हे जास्त लागलं. त्यावर आम्ही कुणी क्रांती केलेली नाही. फक्त वाढायला बसायच्या आधी आपली वाटीभर उसळ बाजूला काढून ठेवायची, एवढं ठरवलंय. काही घरांत जमलं, काही घरांत सासूबाईंनी विचारलं, "ही कुणाची?" एका सुनेनं उत्तर दिलं, "तुमची आणि माझी." आता तिथं दोन वाट्या निघतात.

शेंगदाण्याची चटणी खाल्ली म्हणून तळण माफ होतं, असा अर्थ कुणी काढू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून मोड खायचे, असाही नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रथिनं किती खायची ते डॉक्टरांनाच विचारायचं.

तो डबा आम्ही फेकला नाही. निम्मी पावडर अजून त्यात आहे. बैठकीच्या खोलीत, ठरावांच्या वह्यांशेजारी ठेवलाय. कुणी कर्ज मागितलं की नजर आपोआप तिकडे जाते, आणि आम्ही विचारतो, "कशासाठी हवंय, ताई? नीट सांगा."

तुमच्या गावातही असे डबे दारावर येत असतील. आले, तर पैसे द्यायच्या आधी आशाताईंना दाखवा, डॉक्टरांना दाखवा, आणि काय झालं ते आम्हालाही कळवा.